पन्नास किलोचा कट्टा, शून्य ज्यूल: भौतिकशास्त्र ‘कार्य’ कसं मोजतं?

नववीच्या विज्ञानाचा दुसराच धडा ‘कार्य आणि ऊर्जा’. तो सुरू झाला की एक उदाहरण हमखास येतं: डोक्यावर ओझं घेऊन जागीच उभ्या असलेल्या हमालाने केलेलं कार्य शून्य. बहुतेक पोरं ते वहीत उतरवतात, एका मार्काला येतं म्हणून पाठ करतात आणि पुढे सरकतात. यंदा माझ्या शिकवणीत एकाने हात वर केला. त्याचे वडील नागपूरच्या कळमना मार्केटला हमाली करतात, कट्टे म्हणजे पोती वाहतात. ‘सर, बाबा सकाळपासून कट्टे वाहून राहिले, अन् तुम्ही म्हणता कार्य शून्य. काहून?’

वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठ्यांना विचारून पाहा. इंजिनिअर झालेलेही ‘विस्थापन शून्य ना, म्हणून’ एवढं सांगून थांबतात. ते खरंच आहे, पण असा विचित्र नियम मुळात केला कुणी आणि कशासाठी, हे कुणी सांगत नाही. ते एकदा कळलं की विजेच्या युनिटपासून समृद्धी महामार्गावरच्या ब्रेकपर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

## आधी बिल आलं, व्याख्या मागाहून

अठराव्या शतकातलं इंग्लंड. कॉर्नवॉलच्या खाणींत तांबं आणि कथील होतं, पण खोल गेलं की पाणी भरायचं. ते उपसायला वाफेची इंजिनं होती, पण ती कोळसा फार खायची. जेम्स वॅटने सुधारलेलं इंजिन तेवढ्याच पाण्यासाठी बराच कमी कोळसा घ्यायचं. वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी खाणमालकांशी केलेला करार मोठा हुशारीचा होता: जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या.

आता हे बिल काढायचं कसं? इंजिन किती धापा टाकतं किंवा त्यापाशी उभा असलेला माणूस किती घामाघूम होतो, यावरून पैसे ठरत नाहीत. मालकाला मतलब दोनच गोष्टींशी: किती वजनाचं पाणी आणि ते किती वर आलं. तेवढ्याच खोलीतून दुप्पट पाणी काढलं तर काम दुप्पट. तेवढंच पाणी दुप्पट खोलीतून काढलं तरी काम दुप्पट. म्हणजे वजन गुणिले उंची. इंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद मोजयंत्र बसवलेलं असायचं. तुळई किती वेळा खालीवर झाली ते त्यात नोंदलं जायचं आणि हिशेब त्यावरून व्हायचा.

पुढे १८२९ मध्ये कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने ‘बल गुणिले अंतर’ या गुणाकाराला कार्य हे नाव शास्त्रात पक्कं केलं. तेव्हा कार्याकडे बिलासारखं पाहायचं. बिलात पोचवलेल्या मालाची नोंद असते. पोचवणाऱ्याचे पाय किती दुखले, याचा रकाना त्यात नसतो.

## बल, सरकणं आणि दिशा

बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. ते न्यूटनमध्ये मोजतात. साधारण शंभर ग्रॅमचं संत्रं तळहातावर ठेवलं की हाताला जाणवतो तो भार जवळजवळ १ न्यूटन. तेच संत्रं सावकाश एक मीटर वर उचललं की झालं १ ज्यूल कार्य. ज्यूल हे कार्याचं माप आणि ऊर्जेचंही, कारण कार्य म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली ऊर्जाच. विस्थापन म्हणजे वस्तू सुरुवातीच्या जागेपासून सरळ रेषेत किती सरकली ते.

आता कळमन्याला चला. किलोमागे ९.८ न्यूटन धरले तर ५० किलोच्या कट्ट्याचा भार ४९० न्यूटन होतो. जमिनीवरून सव्वा मीटरला थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर उंचीवरच्या ट्रकच्या फाळक्यावर तो चढवला, तर कार्य ४९० गुणिले १.२, म्हणजे ५८८ ज्यूल. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तिसरी अट दिशेची, आणि मुलांची गाडी अडते ती इथेच. बल आणि सरकणं एकाच दिशेला असेल तर गुणाकार पूर्ण धरायचा. बल तिरपं असेल तर सरकण्याच्या दिशेला त्याचा जेवढा भाग येतो तेवढाच मोजायचा. स्टेशनवर चाकांची बॅग पट्ट्याने ओढताना पट्टा जमिनीशी ६० अंशांत असेल, तर तुम्ही लावलेल्या जोराचा अर्धाच भाग बॅग पुढे नेतो. जोराचा वरच्या दिशेचा भाग बॅग किंचित वर उचलू पाहण्यात जातो. आणि बल सरकण्याच्या दिशेला अगदी काटकोनात असेल, तर त्याचं कार्य शून्य.

## पण हमाल तर चालतोय, जागीच कुठे उभा आहे?

हा पहिला आक्षेप आणि तो अगदी योग्य आहे. गोदामापासून ट्रकपर्यंत सपाट फरशीवर चाळीस-पन्नास मीटर चालायचं आहे. बल आहे, अंतरही आहे. मग?

कट्टा पेलून धरणारं हमालाचं बल सरळ वरच्या दिशेला आहे आणि चालणं आडवं. दोन्हींत काटकोन. म्हणून त्या पेलणाऱ्या बलाचं कार्य शून्य. कट्टा निघाला तेव्हा जमिनीपासून जितका उंच होता, पोचला तेव्हाही तितकाच उंच, आणि दोन्ही टोकांना स्थिर. त्याच्या ऊर्जेत काहीच फरक नाही. बिल कोरं.

पुस्तक इथे थांबतं, आणि मला वाटतं घोटाळा त्यामुळेच होतो. खरा माणूस चाकांवर चालत नाही. प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर जातं, थोडं खाली येतं, आणि डोक्यावरचा कट्टाही. समजा पावलामागे ३ सेंटिमीटर. म्हणजे दर पावलाला साधारण १५ ज्यूल खर्चून कट्टा वर गेला आणि लगेच तेवढाच खाली आला. शंभर पावलांत हे चढवणं जवळजवळ १,५०० ज्यूल झालं, म्हणजे तोच कट्टा ट्रकवर अडीच वेळा चढवण्याइतकं. पण प्रत्येक वेळी तो खालीही आला, त्यामुळे शेवटी बेरीज-वजाबाकी शून्य. कट्टा खाली येताना सुटलेली ऊर्जा शरीराला पुन्हा पोटात जमा करता येत नाही. ती सांध्यांत, स्नायूंत, चपलेखाली उष्णता होऊन जाते. कट्ट्याच्या खात्यावर काही दिसत नाही, तरी हमालाच्या खात्यातून खर्च झालेलाच असतो.

## मग नुसतं उभं राहिल्यावर घाम कशाला येतो?

इथे तर पावलंही नाहीत. तरी मे महिन्यात, ४५ अंशांत, डोक्यावर कट्टा घेऊन दोन मिनिटं उभं राहून दाखवा म्हणावं.

उत्तर स्नायूंच्या आत आहे. स्नायू म्हणजे प्रथिनांच्या बारीक तंतूंच्या जुड्या. एका जातीचे तंतू दुसऱ्या जातीच्या तंतूंना पकडतात, किंचित ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. ओझं तसूभर हलत नसलं तरी ही धरसोड सतत चालू ठेवावी लागते. ती थांबली की हात खाली. प्रत्येक पकडीला अन्नातून आलेली थोडी ऊर्जा लागते आणि ती शेवटी उष्णता होते. त्या उष्णतेचा घाम. तेव्हा शरीराच्या आत बारीक बारीक कार्य चालूच आहे, फक्त त्यातलं कट्ट्यापर्यंत काही पोचत नाही.

खांबाला हा त्रास नाही. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल बघा: खाली नेहमीचा रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. हे सगळं वजन खांब रात्रंदिवस पेलतात, पण खांबांना ना जेवण लागतं ना वीज. नुसतं पेलण्यासाठी ऊर्जा लागत असती, तर तो पूल चालवायला कोराडीच्या वीजकेंद्राचा एक संच राखून ठेवावा लागला असता. ऊर्जा लागते ती हमालाच्या स्नायूंना, कारण त्यांची रचनाच तशी आहे. कट्ट्याला मात्र खाली खांब आहे की माणूस, याने काडीचा फरक पडत नाही.

कुणी म्हणेल, मग हमालाच्या कष्टाला किंमतच नाही का? किंमत आहे, पण ती ज्यूलमध्ये निघत नाही. त्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. भौतिकशास्त्राने मजुरी ठरवायला घेतली असती तर सपाट गोदामात वाहतुकीचे पैसे कुणालाच मिळाले नसते.

## फळी लावली की काम कमी होतं का?

होत नाही, सोपं होतं. १.२ मीटर उंच फाळक्याला ३.६ मीटर लांबीची फळी तिरपी लावली आणि ५० किलोचा ड्रम तिच्यावरून गडगडवत चढवला, तर ४९० ऐवजी साधारण १६३ न्यूटन जोर पुरतो. म्हणजे एक तृतीयांश. पण अंतर तिप्पट झालं. गुणाकार तोच, ५८८ ज्यूल. घर्षणाचं वरून थोडं जास्तच द्यावं लागेल.

रामटेकला गडमंदिरावर पायऱ्यांनी जा नाहीतर वळणाच्या रस्त्याने. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचं कार्य सारखंच, कारण चढायची उंची तीच. घाटातला रस्ता वळणं घेत जातो तो काम वाचवायला नाही, एका वेळचा जोर कमी करायला. जॅक, कप्पी, सायकलचे गिअर, सगळ्यांची कथा हीच: जोर कमी द्या, अंतर जास्त द्या.

## कूलर, युनिट आणि सहा हजार कट्टे

आतापर्यंत वेळेचा उल्लेख आलेला नाही. कट्टा दोन सेकंदांत चढवा की दोन मिनिटांत, कार्य तेच. किती झपाट्याने केलं हे मोजायला वेगळं माप आहे, त्याला शक्ती म्हणतात. दर सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. त्याच खाणीवाल्या वॅटचं नाव. पंपावरचा हॉर्सपॉवरही त्याचाच. इंजिनं विकताना घोड्याशी तुलना करून दाखवावी लागे. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

दर दहा सेकंदांना एक कट्टा ट्रकवर चढवणारा माणूस कट्ट्यांना सरासरी ५९ वॅट देतो. असं तासभर करणं सोपं नाही. आपल्या खिडकीतला कूलर २०० वॅटचा धरला, तर अशी तीन-चार माणसं खिडकीबाहेर सतत राबवत ठेवल्यासारखं झालं. आणि आपण तो रात्रभर चालू ठेवतो.

आता महावितरणच्या बिलातलं युनिट. एक युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तासभर, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ५८८ ने भागा: ६,१२२. एका युनिटात पन्नास किलोचे सहा हजारांवर कट्टे, म्हणजे तीनशे टनांहून जास्त माल, ट्रकवर चढवण्याइतकी ऊर्जा असते. त्या युनिटचे आपण किती रुपये देतो ते बिलावर बघा, आणि एवढा माल चढवायला हमालांची टोळी किती घेईल ते कळमन्याला विचारून या. मला तरी पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा कॅल्क्युलेटरवर विश्वास बसला नव्हता.

गच्चीवरच्या टाकीचंही करून टाकू. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला ९८,००० ज्यूल लागतात, युनिटचा जेमतेम छत्तीसावा भाग. प्रत्यक्षात मोटर याहून बरीच जास्त वीज घेते, कारण पाइपातलं घर्षण, मोटरचं तापणं आणि पाण्याचं घुसळणं यांचंही तिला भरावं लागतं. तो सगळा खर्च उष्णतेत जातो. घुसळल्याने पाणी खरंच तापतं आणि किती तापतं, हे मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात मोजून दाखवलं. खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवायची आणि तापमानातला बारीकसा फरक वाचायचा, असा त्याचा प्रयोग. घरचा धंदा बिअर गाळण्याचा होता.

## गाडी चालू ठेवायला कार्य लागतं का?

सहसा ‘हो’ असं उत्तर येतं, पण ते अर्धवट आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीची गती टिकवायला काहीच लागत नाही. पेट्रोल जळतं ते हवेशी आणि घर्षणाशी झुंजायला. गती वाढवायची असेल तर मात्र कार्य करावं लागतं, आणि केलेलं कार्य गाडीत गतिज ऊर्जा होऊन साठतं. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. सगळ्या लेखातलं एकच वाक्य गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवायचं झालं तर मी हे चिकटवीन.

थांबायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा काढून घ्यायची. ब्रेक लावल्यावर टायरवर रस्त्याचं बल मागच्या दिशेला असतं आणि गाडी पुढे जात असते. दिशा उलट, म्हणून हे कार्य ऋण. गाडीच्या खात्यातून वजा. साध्या गाडीत ती ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जाते. मेट्रोसारख्या विजेच्या गाडीत ब्रेक लावताना मोटरच उलटी जनित्रासारखी चालते आणि बरीचशी वीज तारेत परत जाते.

आता आकडे घ्या. बाराशे किलोची कार ताशी ६० किलोमीटरला असेल तर तिच्यात सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल असतात. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ला ६ लाख ६७ हजार. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर आणि चांगले ब्रेक असतील तर ६० ची कार ब्रेक दाबल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबेल, १२० ची जवळजवळ ८० मीटरमध्ये. त्यात पाय ब्रेकवर जायला लागणारा एक सेकंद धरा. त्या सेकंदात १२० ची कार ३३ मीटर पुढे गेलेली असते. एकूण ११० मीटरच्या वर. ओला रस्ता किंवा गुळगुळीत टायर असेल तर पकड निम्म्यावर येऊ शकते, म्हणजे ब्रेकचं अंतर दुप्पट.

‘माझी गाडी जड आहे, रस्ता धरून चालते’ असं म्हणणारे बरेच भेटतात. वजन वाढलं की टायरची पकड वाढते हे खरं, पण थांबवायची ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही एकमेकांना कापतात आणि अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. वरून ब्रेक जास्त तापतात ते वेगळंच.

## हेल्मेटमध्ये विकत काय घेतो?

अंतर.

ऊर्जा ठरलेली असेल तर बल गुणिले अंतर हा गुणाकारही ठरलेला. अंतर कमी मिळालं की बल वाढणारच. उभ्या स्कूटरवरून नुसता तोल जाऊन पडलात, गाडी चालू नसतानाही, तर डोकं दीड मीटरवरून खाली येतं. पाच किलोचं डोकं धरलं तर ७३ ज्यूल. संत्र्याच्या भाषेत त्र्याहत्तर संत्री एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा, म्हणजे फार नाही. पण उघडं डोकं डांबरावर आदळलं आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी बल साडेचोवीस हजार न्यूटन होतं. अडीच टन वजन कवटीवर ठेवल्यासारखं. तेच डोकं हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलसारख्या जाड थरात अडीच सेंटिमीटर दबत थांबलं, तर बल तीन हजार न्यूटनच्या खाली येतं, आठव्या हिश्शावर. कारचा सीटबेल्ट आणि चुरगळणारं बॉनेटही हेच करतात: थांबायला थोडं अंतर मिळवून देतात.

म्हणून रस्त्याकडेला मिळणारी नुसत्या प्लास्टिकची टोपी, आत पातळ स्पंज लावलेली, पोलिसाला दाखवायच्या कामाची. दबायला थरच नाही तर अंतर येणार कुठून? पट्टा न लावलेलं हेल्मेटही तसंच, ते डोक्याआधी वेगळं होऊन घरंगळतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदलावं लागतं, कारण आतला थर दबला तो दबला. तो पुन्हा फुगत नाही, आणि दुसऱ्या वेळी दबायला त्याच्याकडे तेवढी जाडी उरलेली नसते.